तीन धारा काढून घेतलेला टॅब

पाली, राजस्थान
गोडाऊनच्या हाफिसातनं (व्हय, हाफिसातनंच. कसं ते पुढं येतंय.)

तीर्थरूप गणपतराव मामांना आकारामचा गुडघे टेकून नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण आमच्या खोलीत पाच माणसं, तीन पेट्या आणि एक कूलर आहे. आडवं व्हायचं तर आधी कुणाला तरी उठवावं लागतं.) मामींनाही तसाच. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? डॉक्टरनं खाचरात उतरू नका म्हणून सांगितलंय ते ऐकताय का? ऐकत नसणार. मामींची बीपीची गोळी चालू आहे का? ती तुमच्यामुळं चालू असणार, असं आई म्हणते. मी म्हणत नाही. माझी तब्येत चांगली आहे. इथं ऊन असं आहे की दुपारी नळाच्या पाण्यात चहापत्ती टाकली तर चहा होईल, पण माणूस सगळ्याला सरावतो.

पत्र बघून दचकू नका. मी नोकरी सोडलेली नाही. हे पहिल्याच पानावर लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही खुर्चीवर टेकून वाचाल. फोन केला असता, पण तुमच्याशी फोनवर माझं बोलणं होत नाही. मी "मामा" म्हटलं की तुम्ही लगेच "सोडलीस व्हय?" म्हणता, आणि मी "न्हाय" म्हणेपर्यंत तुम्ही तो फोन मामींच्या हातात देऊन गोठ्याकडं गेलेले असता. तुमचंही चूक नाही. हॉटेल, फौंड्री, उसाचा ट्रॅक्टर, रंगकाम, लग्नातला मांडव, कबनूरचे माग (दोनदा), असं करत करत ही माझी बारावी नोकरी. आणि ही तुम्ही कबनूरच्या मागवाल्या धैर्यशीलरावांना शब्द टाकून लावून दिलेली. "हिथनं पळालास तर माझा शब्द पळाला, मग राधानगरीच्या रस्त्यानं येऊ नगंस," हे तुमचं वाक्य मी पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं खडूनं लिहून ठेवलंय.

तर मुद्दा असा की ही नोकरी या उन्हाळ्यात माझ्या हातनं जाणार होती, आणि ते मी तुम्हाला कळवलं नव्हतं. मी पळणार नव्हतो, मामा, देवाशपथ. तीच जाणार होती. कबनूरहून मागावरचं कोरं कापड इथं रंगायला येतं. त्याचे तागे उतरवायचे, उलगडायचे, कुठं धागा तुटलाय, कुठं तेलाचा डाग पडलाय, कुठं वीण विरळ आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं, असं माझं काम. बघण्यात माझा हात कुणी धरत नाही. (दोनदा मागावर काढलेले दिवस वाया गेले असं तुम्ही म्हणायचा, पण डोळा तिथंच तयार झाला.) लिहिण्यात मात्र मी आठवीतनं उठलेला माणूस. गोडाऊनच्या शेठनं मार्चमध्ये सांगितलं, वह्या बंद. यापुढं दोष टॅबवर भरायचे, फोटोसकट. बघणारे आम्ही दोघं, मी आणि बिहारचा एक बारावी पास पोरगा. टॅबवर ज्याला जमेल तो हाफिसात खुर्चीवर, दुसऱ्याची गरज नाही. टॅब आपला आपण आणायचा, अर्धे पैसे शेठ देणार. त्यासाठी आठ दिवसांची सुट्टी मिळाली आणि मी कोल्हापूरला आलो.

आता तुम्ही विचाराल, टॅब काय पालीत मिळत नाही व्हय? मिळतो की. पण इथले दुकानदार मारवाडीतनं समजावतात, मी "हां जी, हां जी" म्हणतो, आणि घरी आल्यावर कळतं की आपण कशाला तरी हो म्हणून आलोय. आठ दिवस कोल्हापुरात असून राधानगरीला तोंड दाखवलं नाही, याचा राग तुम्हाला आलेला आहे हे आईनं सांगितलं. मी एकदा स्टँडवर येऊन एसटीत बसलोही होतो. पण तुमच्यासमोर बसून खोटं बोलणं मला जमत नाही, आणि खरं सांगायसारखं तेव्हा काहीच नव्हतं. म्हणून कंडक्टर यायच्या आत उतरलो.

आमचे तात्या तुम्हाला माहीतच आहेत. सख्खा चुलता म्हणून मी त्यांच्याकडं गंगावेशीत उतरलो, ही माझी पहिली चूक. टॅब घ्यायचाय असं जेवताना बोललो, ही दुसरी. तात्यांचा सगळा जन्म म्हशींच्या हेडेगिरीत गेला (कुणी दलाल म्हटलं तर उठून जातात). चाळीस वर्षांत त्यांनी घरात बिनखात्रीची एक वस्तू येऊ दिली नाही. चप्पल घेतानासुद्धा ती चालवून बघतात, म्हणजे दुकानदाराला घालून चालायला लावतात आणि स्वतः मागनं बघतात. म्हणाले, "एकटा जाऊ नगंस. तुला फशिवत्याल. मी येतो."

राजारामपुरीतल्या त्या गार दुकानात तात्या खांद्यावर टॉवेल टाकून शिरले तेव्हा गोठ्याचा वासही बरोबर शिरला. मोहित नावाचा एक सेल्समन होता, गळ्यात ओळखपत्र आणि तोंडात इंग्रजी. त्यानं विचारलं, ऑफिससाठी हवाय की एंटरटेनमेंटसाठी? तोंडानं मी ऑफिस म्हणालो. डोळे मात्र समोरच्या टेबलावर होते. तिथं एक टॅब उभा केलेला, चार स्पीकरचा, आणि त्यावर समुद्रातले मासे असे पोहत होते की हात घालून धरावेत. मामा, पाचजणांच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माणसाला असले मासे दिसले की काय होतं ते तुम्हाला राधानगरीत बसून कळायचं नाही. ऑफिसचा टॅब शेजारीच होता. काळा, जाड, खाली कीबोर्ड, कडेला पेन, तोंडावर तेज नाही. तलाठ्यासारखा. दर दोन्हींचा जवळपास सारखाच, म्हणजे पैशाचं कारण सांगून सुटायचीही सोय नव्हती.

तात्या म्हणाले, "पावणं, दोन्ही भाईर काढा. उन्हात बघू." मोहित म्हणाला, सर, टॅब उन्हात बघत नाहीत. तात्या म्हणाले, "सावलीत समद्याच म्हशी काळ्या दिसत्यात." आणि खरंच दोन्ही रस्त्यावर नेले. मोहित मागनं पळत. उन्हात गेल्या गेल्या माझे सगळे मासे मेले. चार स्पीकरवाल्याच्या काचेत तात्यांच्या मिशा आणि मागची रिक्षा एवढंच दिसायला लागलं. तलाठ्यावर मात्र अक्षर न अक्षर दिसत होतं. तात्यांनी माझ्याकडं अशी मान हलवली की जसं काही त्यांनीच तो बनवला होता. मग विचारलं, "कितव्या वेताचा?" मोहित बिचारा हुशार. वेत म्हणजे म्हशीचं बाळंतपण हे त्याला कुठलं माहीत, तरी थर्ड जनरेशन म्हणाला. तात्या खूश झाले. "म्हंजे तिसऱ्या वेताचा. बरा हाय. पयल्या वेताचा घेऊ ने, खोड कळत न्हाय."

एवढ्यावर थांबले असते तर हे पत्र एका पानात संपलं असतं. पण दर ठरवायची वेळ आली तेव्हा तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मोहितच्या हातावर टाकला आणि खालनं त्याची दोन बोटं दाबली. जनावरांच्या बाजारात दर असाच करतात, चारचौघांना कळू नये म्हणून, पण मोहितला कुठलं माहीत? तो असा दचकून मागं सरकला की मोबाइलच्या कव्हरांचा अख्खा स्टँड खाली. आवाज ऐकून आतनं मालक आले. राजवर्धनसाहेब. आणि तात्यांना बघून त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला! लहानपणी त्यांचे वडील त्यांना तालमीतनं थेट तात्यांच्या दूधकट्ट्यावर न्यायचे, आणि समोर पिळलेलं फेसाळ दूध प्यायल्याशिवाय हलू द्यायचे नाहीत. तात्यांनी ही संधी सोडली नाही. "साहेब, म्हस घेताना तीन धारा काढून बघतोय आम्ही. सांजची, सकाळची आणि परत सांजची. मग इसाराचं पैसं. तुमचं हे जनावर बघितल्याबिगर कसं घ्यायचं?" मला जमीन फाटावी असं झालं. पण राजवर्धनसाहेब हसले आणि दुकानात मांडायचे दोन नमुने एका दिवसासाठी दिले. माझं आधारकार्ड ठेवून घेतलं. (तात्यांचंही. साहेब हसत होते, पण धंदेवाले आहेत.)

पहिली धार संध्याकाळची. चार स्पीकरवाला काढला. बाळाबाई काकूंनी एक मालिका लावली, चुलीवरची भाकरी करपली, ती गोष्ट सोडा. तात्यांनी कुस्तीचं मैदान लावायला सांगितलं. लावलं. मैदानात हलगी सुरू झाली आणि चार स्पीकरनी ती अशी काही वाजवली की भांडी थरथरली. मला तर काय, स्वर्गच. पण भिंतीपलीकडं गोठा आहे हे आम्ही तिघंही विसरलो. तात्यांच्या म्हशी दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, हलगी लावून रस्त्यानं पळवतात हे तुम्ही बघितलंय. त्यांना वाटलं पाडवा आला. सातच्या सात दाव्याला हिसके द्यायला लागल्या, एकीनं खुंटा उपटला आणि ती खुंट्यासकट गल्लीतनं निघाली. तिच्यामागं मी, माझ्यामागं टॅब हातात घेतलेले तात्या, टॅबवर हलगी तशीच चालू! ती जितकं पळायची तितके तात्या मोठ्यानं ओरडायचे, "बंद कर त्ये, बंद कर!" पण टॅब त्यांच्याच हातात होता. शेवटी नदीकडच्या उतारावर एका बाईनं बादली आडवी धरली तेव्हा म्हैस थांबली. त्या संध्याकाळी एकाही म्हशीनं पान्हा सोडला नाही. कट्ट्यावर गिऱ्हाईक रिकामे पेले घेऊन उभं.

दुसरी धार सकाळची, तलाठ्याची. तात्या म्हणाले, तुझं काम हिथं करून दाखव. मी म्हटलं, माझं काम दोष लिहायचं. "मग म्हशींचं लिही की." आता लिहायचं कसं, हीच माझी सगळी भीती होती, मामा. पण त्यात एक माईकचं चित्र असतं. ते दाबून मराठीत बोललं की तो आपोआप मराठीत लिहितो. मोहितनं दाखवलंतं, पण मला खरं वाटलं नव्हतं. मी पहिल्या म्हशीचा फोटो काढला आणि तात्यांच्या पुढं टॅब धरला. तात्या बोलले, ते उमटलं. तात्या बघतच राहिले. "आयला, ह्ये ऐकतंय की!" चाळीस वर्षांत ज्या माणसानं म्हशीचा खरा दोष बायकोलासुद्धा सांगितला नाही, तो त्या काळ्या पाटीसमोर मोकळा झाला. ही पान्हा चोरते. हिचं एक सड अधू आहे, त्यातनं धार येत नाही. हिला पेंड बदलली की रुसते. हिचं वय मी सांगतो त्यात दोन वर्षं मिळवा. काकू दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. सात म्हशींचं सात फोटोसकट असं सुंदर काम झालं, मामा, की मला पहिल्यांदाच वाटलं, हे आपल्याला जमतंय. खुर्ची मिळतेय.

आणि त्या आनंदात मी कोपऱ्यातला पाठवायचा बाण दाबला. खोलीतल्या पोरांना दाखवावं एवढाच विचार होता. पण मोहितनं दुकानातच, दाखवायला म्हणून, टॅबवर तात्यांच्याच फोनचं व्हॉट्सॲप जोडलंतं. "तात्यांच्या म्हशी" नावाचा त्यांचा एक ग्रुप आहे. कऱ्हाडपासून निपाणीपर्यंतची दोनशे गिऱ्हाइकं त्यात. सगळ्यात वर तोच होता. सात फोटो, सात दोष, शेवटी "दोन वर्षं मिळवा". गेलं.

पुसायचा प्रयत्न केला, पण पुसायचं कुठं दाबायचं ते इंग्रजीत. मी वाचत बसलो तोवर तीसजणांनी बघितलं. तात्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला मारलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. नुसतं खाटेवर बसले आणि म्हणाले, "चाळीस वर्सं, आकाराम." एवढंच. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मी दिवसभर वैरणीच्या खोलीत बसून होतो. दोन्ही टॅब देऊन टाकायचे, शेठला फोन करून नाही जमणार सांगायचं, आणि तुम्हाला तोंड दाखवायचंच नाही, असं ठरवूनच टाकलंतं.

तिसऱ्या धारेच्या वेळी फोन वाजला. आदल्या दिवशीच एका म्हशीला बघून गेलेला, हातकणंगल्याकडचा एक शेतकरी. तात्यांनी फोन काकूंकडं दिला, काकूंनी माझ्याकडं दिला, मी स्पीकरवर टाकून खाटेवर ठेवला. पलीकडनं मोठा आवाज आला, "तात्या, ती अधू सडाची माझी बरं का! दुसऱ्याला देऊ नगा. अहो, मला बघतानाच दिसलंतं, पण तुमी सांगताय का न्हाय ते बघत होतो. हेडी असून दोष लिवून देणारा मानूस मी पयल्यांदा बघितला." त्यानंतर अजून दोन फोन. दोन वर्षं मिळवायच्या म्हशीलासुद्धा मागणी आली. तात्या हळूहळू ताठ बसायला लागले. तिसऱ्या फोनला तर म्हणाले, "मी म्हनलं, जमाना बदलला, आपुनबी उघड्यावर धंदा करावा." (काकूंनी माझ्याकडं बघितलं. मी वर छताकडं बघितलं.) त्या संध्याकाळी म्हशींनी दूध दिलं आणि मला दोन दिवसांत पहिला घास गोड लागला.

राहिला प्रश्न कुठला घ्यायचा. मी अजून माशांकडंच बघत होतो, खोटं कशाला लिहू. तात्या म्हणाले, "येड्या, पाडव्याला पळती ती म्हस दुसऱ्या दिशी धार देतीच की. पन पळायसाठनं म्हस कोन घेत न्हाय. धार बघून घे, पळायचं तिचं ती पळंल." आणि खरंच, तलाठ्यावरही कुस्ती लागते. आवाज बारीक येतो, पण पाचजणांच्या खोलीत तेवढाच बरा. घेतला. मोहितनं पिशवी काउंटरवर ठेवली आणि दोन्ही हात लगेच काउंटरखाली घेतले.

पालीला आलो. शेठनं दोघांना दहा-दहा तागे दिले. बिहारच्या पोरानं भराभर इंग्रजीत भरलं, माझ्या आधी अर्धा तास. मी फोटो काढत, बोलत बोलत मराठीत भरलं. शेठनं कपाळाला हात लावला. पण हे दोष वाचायचे कुणी असतात? माल ज्याचा त्यानं. म्हणजे कबनूरला धैर्यशीलरावांनी. आजवर इथनं जाणारा प्रत्येक कागद ते "समजला नाही" म्हणून परत पाठवायचे आणि महिनाभर भांडण चालायचं. माझं त्यांनी वाचलं, फोटो बघितले, आणि दहा मिनिटांत शेठला फोन केला, "कुठल्या मागाचं ते पण कळालं. ह्यो मानूस ठेवा." खुर्ची मला मिळाली, मामा. फिरती आहे. पंखा थेट डोक्यावर. बिहारच्या पोराचंही बरं झालं. दिल्लीचा माल इंग्रजीत जातो, तो त्याच्याकडं दिला, शेठला दोघंही लागतात असं आता शेठच म्हणतात. तुमचा शब्द जिथं टाकला होता तिथं आहे. मला इतकं हलकं वाटतंय की काल मी विनाकारण मंदिरात जाऊन आलो आणि काहीच मागितलं नाही.

मामींना सांगा, जेवण वेळेवर होतं. गुडघ्याला तेल लावत जा. थोरांना पाया पडणं, धाकट्यांना एक एक टपली, आणि गोठ्यात सगळ्यांच्या पाठीवरनं हात फिरवा.

तुमचा भाचा, सध्या एका जागी बसलेला,
आकाराम

ता. क. कीबोर्ड अजून खोक्यातच आहे. त्यावरची अक्षरं इंग्रजी. शेठ विचारतात तेव्हा मी बोटं दुखतात म्हणतो.

ता. क. दुसरं. धैर्यशीलरावांनी त्या दिवशी फोन माझ्याकडं द्यायला सांगितला आणि विचारलं, पोरा, कितवी शिकलास? मी आठवी म्हणणार होतो. पण खुर्ची नवी होती, शेठ समोर होते, आणि तोंडातनं निघालं, "शिकतोय." ते म्हणाले, शाब्बास. आता हे खरं करायला पाहिजे. बाहेरनं दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म असतो. त्याला शाळेचा दाखला लागतो. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहिलंय. बाकीचं सगळं तुम्ही रागवू नये म्हणून आधी लिहिलं. आपल्या राधानगरीच्या शाळेतनं दाखला काढून पाठवा.

ता. क. तिसरं. दाखल्याला तुम्ही स्वतः जाऊ नका. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा तुम्ही हेडमास्तरांच्या तोंडावर म्हणालाय, "ह्याला काय कलेक्टर करायचाय?" ते त्यांनी विसरलेलं नसणार. मीही नाही. मामींना पाठवा. आणि इंग्रजी सोडून दुसरा कुठला विषय घेता येतो का, तेवढं हळूच विचारायला सांगा. नसेल येत तर राहू द्या. इंग्रजीसकटच भरा.